कुडाच्या भिंती

डहाणूकडच्या झरी गावच्या शाळेत असताना मुलांची नावं रजिस्टरात चढवायचं काम बरीच वर्षं माझ्याकडे होतं. जन्मतारखेच्या रकान्यात एकाखाली एक १ जून लिहीत जायचो. आईबाप तारीख सांगत नसत, पण त्यांना जन्म आठवत नव्हता असं मुळीच नाही. भाताची लावणी चालली होती, ओढ्याला उतार नव्हता, कोंबडं आरवायला अजून अवकाश होता, असं सगळं ते सांगत. फक्त ते रकान्यात मावत नसे. म्हणून १ जून.

अशाच एका १ जूनच्या मुलाला पुढे उंबरगावच्या कारखान्यात नोकरी लागली. काही वर्षांपूर्वी सप्टेंबरात त्याला मुलगी झाली, दवाखान्यात, रात्री १२ वाजून ४० मिनिटांनी. कागदावर मिनिटासकट वेळ. त्याच्या घराण्यात मिनिटासकट नोंदलेला हा पहिला जन्म. कारखान्यातल्या कुणी तरी त्याला मोबाइलवर पाश्चात्त्य पद्धतीची कुंडली काढून दिली, दुसऱ्यानं दुसऱ्या अ‍ॅपवर काढून दिली. दोन्हींत लग्न कर्क, दोन्हींत चंद्र वृषभेत ६ अंशांवर. पण पहिल्या अ‍ॅपनं चंद्र दहाव्या घरात ठेवला होता आणि दुसऱ्यानं अकराव्या. तो रविवारी दोन्ही छापील कागद घेऊन माझ्याकडे आला. कागद ओट्यावर शेजारी शेजारी मांडले, वाऱ्यानं उडू नयेत म्हणून वर दोन चिकू ठेवले आणि विचारलं, "सर, यातलं खरं घर कोणतं?"

हे पुस्तक त्या प्रश्नाचं उत्तर आहे. उत्तर लांबलं, कारण त्याला प्रामाणिकपणे सांगायचं तर आकाशाचे भाग कसे पाडतात इथपासून सुरुवात करावी लागते. आणि ते मराठीत नीट, आकृत्यांसह, एका जागी मांडलेलं त्याच्या हातात देता येईल असं माझ्याकडे काही नव्हतं.

आधी घर म्हणजे काय ते पाहू. बारा राशी हे सूर्याच्या वार्षिक वाटेचे, क्रांतिवृत्ताचे, तीस-तीस अंशांचे भाग. ते झरीला आणि जपानला सारखेच. पण पृथ्वी स्वतःभोवती फिरते, त्यामुळे हे राशींचं चक्र दिवसभरात एकदा आपल्या डोक्यावरून फिरून जातं. जन्माच्या क्षणी पूर्व क्षितिजाला जो बिंदू लागलेला असतो ते लग्न. त्याच क्षणी उत्तर-दक्षिण रेषेवर, याम्योत्तर वृत्तावर, जो बिंदू असतो ते दशमलग्न. लग्न साधारण चार मिनिटांत एक अंश सरकतं, दोन तासांत रास बदलतं. म्हणून ग्रहाची रास सांगायला बहुतेक वेळा तारीख पुरते. घर सांगायला मिनिट लागतं आणि गावही लागतं.

लग्न आणि दशमलग्न हे दोन बिंदू आपण ठरवत नाही. क्षितिज कुणाच्या मताप्रमाणे हलत नाही. पण या बिंदूंच्या मधे ज्या भिंती घालायच्या त्या मात्र आपण घालतो. आमच्याकडे वारली घराच्या भिंती कारवीच्या कुडाच्या असतात, वरून माती-शेणाचा लेप. मेढी जमिनीत घट्ट रोवलेल्या, त्या हलत नाहीत. कूड मात्र घरच्यांच्या गरजेप्रमाणे हातभर इकडे-तिकडे बांधता येतो. कुंडलीत लग्न आणि दशम या मेढी आहेत, बाकीचा सारा कूड आहे. हा फरक एकदा मनात बसला की पुढची प्रकरणं जड जाणार नाहीत.

त्या मुलीची रात्र जवळून पाहू. झरीचा अक्षांश सुमारे २० अंश उत्तर, रेखांश ७३ पूर्वच्या थोडा अलीकडे. भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंशांवरून धरलेली, म्हणजे आमचं खरं स्थानिक घड्याळ तिच्या सुमारे ३९ मिनिटं मागे. २२ सप्टेंबरच्या आसपास घड्याळात १२ वाजून ४० मिनिटं झाली की आमच्या या स्थानिक घड्याळात जवळपास मध्यरात्र होते. त्या वेळी भाद्रपदांचा मोठा चौकोन जवळजवळ माथ्यावर असतो आणि पूर्वेला मृग नुकताच वर आलेला असतो. सायन गणितानं, म्हणजे राशी वसंतसंपातापासून मोजून, दशमलग्न मेषेच्या आरंभी येतं, लग्न कर्केच्या ८ अंशांवर. दशमापासून लग्नापर्यंतचं अंतर ९८ अंश. हा पाव भाग बरोबर नव्वदाचा असता तर कुणाचं काही भांडण नव्हतं. तो नव्वदाचा नसतो, म्हणून एवढ्या पद्धती निघाल्या.

सगळ्यांत जुनी रीत भिंतीच घालत नाही. लग्नाची जी रास तेच संपूर्ण पहिलं घर, पुढची रास दुसरं. ग्रीक काळातल्या ज्योतिष्यांची ही सर्वसाधारण रीत होती आणि आपली राशीकुंडली आजही तीच आहे. आपल्या चौकटीत वरच्या मधल्या घरात लग्नाच्या राशीचा आकडा लिहितात आणि बाकीचे आकडे उलट्या काट्यानं भरत जातात, ते यामुळेच. समभाव पद्धतीत लग्नाच्या नेमक्या अंशापासून तीस-तीस अंश मोजतात. म्हणजे ८ अंश कर्केपासून मागे येत अकरावं घर वृषभेच्या ८ अंशांवर सुरू होतं. चंद्र ६ अंशांवर असल्यानं तो दहाव्यात राहिला. हा पहिल्या अ‍ॅपचा हिशोब. दुसऱ्या अ‍ॅपनं प्लॅसिडसची पद्धत घेतली होती. तिच्यात अकरावं घर वृषभेच्या ४ अंशांच्या आतच सुरू होतं, म्हणून चंद्र अकराव्यात गेला. चंद्र जिथल्या तिथे होता. भिंत चार-साडेचार अंश सरकली, आणि एका कागदावर तो कर्मस्थानात, दुसऱ्यावर लाभस्थानात.

आता या रीती आल्या कुठून. आपल्याकडे पाश्चात्त्य ज्योतिष म्हटलं की परकं काही तरी असं वाटतं. पण आपल्या पोथ्यांतले शब्दच बघा. पहिलं, चौथं, सातवं, दहावं ही केंद्रस्थानं. केंद्र हा शब्द ग्रीक केंट्रॉनवरून आला. पणफर, आपोक्लिम, सातव्याला जामित्र, दहाव्याला मेषूरण, चौथ्याला हिबुक, हे सगळे ग्रीक शब्द संस्कृत पेहराव करून आले आणि वराहमिहिरानं ते बिनदिक्कत वापरले. आमच्याच जिल्ह्यातल्या सोपाऱ्याचं नाव ग्रीक दर्यावर्दींच्या पेरिप्लसमध्ये आहे. शब्द याच बंदरातून उतरले असं मी म्हणणार नाही. पण या किनाऱ्यावर बसून पश्चिमेचं ज्योतिष परकं मानायचं मला काही कारण दिसत नाही.

दशमापासून लग्नापर्यंतच्या अंतराचे सरळ तीन समान भाग करायचे, ही पद्धत पश्चिमेत तिसऱ्या शतकातल्या पॉर्फिरीच्या नावानं ओळखतात. आपल्याकडे हेच त्रिभाजन अकराव्या शतकातल्या श्रीपतीच्या नावावर आहे. त्याचं गाव रोहिणीखंड म्हणजे आजच्या बुलढाणा जिल्ह्यातलं रोहिणखेड असं मानतात. म्हणजे भावचलित, अशा भागलेल्या घरांची कुंडली, काढणारा प्रत्येक मराठी ज्योतिषी एका वऱ्हाडी गणितीचं देणं लागतो, आणि हे फारसं कुणी सांगत नाही याचं मला वाईट वाटतं. मात्र श्रीपतीत आणि पॉर्फिरीत एक मोठा फरक आहे. पश्चिमेला तो भागबिंदू म्हणजे घराचा उंबरठा. श्रीपतीकडे तोच बिंदू घराचा मध्य, आणि दोन मध्यांच्या बरोबर मधे भावसंधी. गणित एक, पण एकाच्या घरात आपण दारात उभे असतो आणि दुसऱ्याच्या घरात माजघरात. पाश्चात्त्य पुस्तक वाचून आपल्या चलितावर अर्थ चिकटवणाऱ्यांची गल्लत बहुतेक वेळा इथेच होते. या एका मुद्द्यावर मी पुस्तकात पूर्ण प्रकरण घातलं आहे आणि ते वगळून पुढे जाऊ नये अशी विनंती आहे.

मधल्या शतकांतल्या पद्धती मी भराभर आटोपल्या आहेत. कँपानस आणि रेजिओमोंटानस यांनी क्रांतिवृत्त सोडून अवकाशाचे, म्हणजे आकाशाच्या गोलावरच्या मोठ्या वर्तुळांचे समान भाग केले. लंडनच्या विल्यम लिलीचा १६४७ चा ग्रंथ रेजिओमोंटानसवर चालतो. प्रश्नकुंडलीत रस असणाऱ्यांना ते प्रकरण लागेल, इतरांनी आकृत्या पाहिल्या तरी पुरे.

प्लॅसिडसपाशी मात्र थांबायला हवं. प्लॅसिडो दे तितिस (१६०३–१६६८) हा इटलीतला संन्यासी, पाविया विद्यापीठात गणिताचा अध्यापक. त्यानं अवकाश सोडून वेळ वाटली. कल्पना शाळेतल्या मुलांना मैदानात काठी रोवून समजावता येते, मी समजावलेली आहे. एखादा बिंदू उगवल्यापासून माथ्यावर येईपर्यंत जेवढा वेळ घेतो ते त्याचं अर्धदिनमान. त्याचे तीन भाग करा. उगवून एक भाग वेळ गेलेला बिंदू बाराव्या घराच्या उंबरठ्यावर, दोन भाग गेलेला अकराव्याच्या, आणि माथ्यावर पोहोचलेला दहाव्याच्या. प्रत्येक बिंदूचं दिनमान वेगळं, त्यामुळे उत्तर एका पायरीत निघत नाही. अंदाज घ्यायचा, दुरुस्त करायचा, पुन्हा घ्यायचा. त्या मुलीच्या अकराव्या घरासाठी मला तीन फेऱ्या लागल्या. प्रत्येक ठिकाणी एवढं गणित कोण करणार? म्हणून छापील कोष्टकं आली, आणि इंग्लंडात राफाएलच्या पंचांगाबरोबर प्लॅसिडसचीच कोष्टकं घरोघर गेली. माझं स्पष्ट मत असं की ही पद्धत पश्चिमेत सर्वांत जास्त चालली त्याला तिच्या गुणांइतकीच ती छापील कोष्टकं कारण आहेत. हाताशी जे छापलेलं असतं तेच लोक वापरतात.

हीच पद्धत मद्रासच्या के. एस. कृष्णमूर्ती (१९०८–१९७२) यांनी निरयन, म्हणजे ताऱ्यांना धरून मोजलेल्या, राशींवर बसवली. आज पुण्या-मुंबईत, नाशकात कृष्णमूर्ती पद्धतीचे वर्ग चालतात. तिथे शिकणाऱ्या कित्येकांना आपण सतराव्या शतकातल्या एका इटालियन संन्याशाच्या भिंती वापरतो आहोत याची कल्पना नसते. असावी. त्यानं पद्धत कमी ठरत नाही, पण ती कुठे टिकते आणि कुठे मोडते हे कळतं.

ती मोडते उत्तरेला. झरीत वर्षातला सर्वांत मोठा दिवस सुमारे १३ तास २० मिनिटांचा, लंडनला साडेसोळा तासांहून मोठा. म्हणून त्या मुलीच्या प्लॅसिडस कुंडलीत झरीला सर्वांत लहान घर २४ अंशांचं आणि सर्वांत मोठं ३४ अंशांचं येतं. तेच आकाशाचं घड्याळ लंडनला मांडलं तर लहान घर १६ अंशांवर येतं आणि मोठं ४४ अंशांवर जातं. एवढ्या मोठ्या घरात एखाद्या कुंडलीत एक आख्खी रास गडप होऊ शकते आणि तिच्या वाट्याला कुठलाच उंबरठा येत नाही. नॉर्वेत ट्रॉम्सोला तर क्रांतिवृत्ताचा काही भाग वर्षानुवर्षं मावळतच नाही. जो बिंदू मावळत नाही त्याला उगवणं नाही, अर्धदिनमान नाही, मग त्याचे तीन भाग कसले करणार? ध्रुववृत्ताच्या पलीकडे प्लॅसिडसची कुंडली पूर्ण निघत नाही. परदेशात गेलेल्या मराठी घरांतून नातवंडांच्या कुंडल्या इकडे विचारायला येतात तेव्हा मी आधी अक्षांश विचारतो, तो या कारणानं.

आमच्या अक्षांशावर भिंती थोड्याच सरकतात. तरीही त्या थोड्याची किंमत माणसं फार मोठी मोजतात, आणि हे पुस्तक लिहिण्यामागचं दुसरं कारण तेच. वरच्याच कुंडलीत समजा मंगळ सायन वृषभेच्या २७ अंशांवर आहे. अयनांश, म्हणजे सायन आणि निरयन मोजण्यांतला फरक, २४ धरले तर तो निरयन वृषभेत ३ अंशांवर येतो आणि लग्न निरयन मिथुन होतं. राशीकुंडलीत मंगळ बारावा. श्रीपतीच्या चलितातही बारावा. मुलगी मंगळाची. प्लॅसिडसनं अकरावा, समभावानं अकरावा, सायन राशीनं पाहिलं तरी अकरावा. मुलीला मंगळ नाही. ग्रह तोच, क्षण तोच, गाव तेच. डहाणूत एका ओळखीच्या घरी याच एका भिंतीवरून ठरत आलेलं लग्न मोडलेलं मी पाहिलं आहे. मुलीनं पाहुण्यांसाठी काढलेले कप पुन्हा कपाटात ठेवले, तेव्हा मी त्या खोलीत होतो. पत्रिका पाहणाऱ्यानं कोणती पद्धत घेतली हे कुणी विचारलं नाही, कारण विचारता येतं हेच कुणाला माहीत नव्हतं. माझी या पुस्तकाच्या प्रत्येक वाचकाकडे एकच मागणी आहे. कुणी तुम्हाला घराचा आकडा सांगितला की पद्धतीचं नाव विचारा. आणि तुम्ही सांगणारे असाल तर न विचारता सांगा.

आता वेळेबद्दल. भिंतींवर वाद घालणारे मेढीच वाकड्या असण्याची शक्यता विसरतात. झरीचं नाव महाराष्ट्राच्या इतिहासात आहे ते २३ मे १९४५ च्या सभेमुळे. तेव्हा हे गाव उंबरगाव तालुक्यात होतं. शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या किसान सभेच्या हाकेला सुमारे पाच हजार वारली इथे जमले आणि वेठबिगार करणार नाही असा निर्धार करून गेले. अशा घटनेची कुंडली मांडण्याची पश्चिमेत मोठी परंपरा आहे, आणि एका उत्साही अभ्यासकानं ती मांडून मला दाखवलीही. मी त्याला एकच विचारलं, घड्याळ कोणतं धरलंत? महायुद्धाच्या काळात १ सप्टेंबर १९४२ पासून ऑक्टोबर १९४५ पर्यंत देशातली घड्याळं तासभर पुढे केलेली होती, ग्रिनिचच्या साडेसहा तास पुढे. त्या तीन वर्षांतल्या कुठल्याही जन्मवेळेतून हा तास वजा केला नाही तर लग्न सुमारे अर्धी रास चुकतं आणि ग्रहांची निम्मी घरं बदलू शकतात. मुंबईचं स्वतःचं वेगळं घड्याळ होतं तो घोळ आणखी निराळा. आजी-आजोबांच्या जुन्या पत्रिका काढून बसणाऱ्यांसाठी हे प्रकरण आहे. आणि झरीला त्या दिवशी जमलेल्यांपैकी किती जणांकडे घड्याळ होतं? ते सूर्य पाहून निघाले आणि सूर्य पाहून पोहोचले.

लग्न या शब्दाबद्दलही इथेच सांगतो. ज्योतिषात लग्न म्हणजे क्षितिजाला लागलेलं, चिकटलेलं. आमच्या भागात या शब्दाला आणखी एक जोड होती, लग्नगडी. लग्नासाठी सावकाराकडून काढलेल्या कर्जापायी माणूस जन्मभर त्याच्या शेताला चिकटायचा, बायकोसकट. गोदावरीबाईंच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' मध्ये ही माणसं भेटतात. त्यांची लग्नं पत्रिका पाहून होत नव्हती. लग्न लावणारी धवलेरी गाते, भिंतीवर लग्नाचा चौक लिहितात, चौकटीत पालघट देवी असते, सूर्य-चंद्रही असतात. आजही अनेक पाड्यांवर हेच चालतं. पत्रिकेशिवाय संसार होतात, चांगले होतात, हे मी रोज पाहत आलो. कुणाच्या बाराव्या घरातल्या मंगळाची भीती घालण्याआधी जाणकारांनी एकदा या पाड्यांवर यावं.

मी भविष्य सांगत नाही, हे इथे लिहून ठेवतो. २००८ मध्ये पुण्यात जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी ज्योतिषाची चाचणी घेतली. हुशार मुलं आणि मतिमंद मुलं यांच्या कुंडल्या ओळखायच्या होत्या. २७ ज्योतिष्यांनी उत्तरं पाठवली, प्रत्येकाकडे ४० कुंडल्या. बरोबर उत्तरांचं सरासरी प्रमाण ४६ टक्के आलं, नाणं उडवून येईल त्याहून जास्त नाही. तो निकाल मला मान्य आहे. तरी भावपद्धतींचा अभ्यास मी सोडला नाही, कारण दोन हजार वर्षं निरनिराळ्या देशांतल्या माणसांनी माथ्यावरचं एकच आभाळ कसं मोजलं याचा हा जिवंत इतिहास आहे, आणि गोलीय त्रिकोणमिती शिकायला याहून ओढ लावणारं उदाहरण मला सापडलं नाही. ज्यांची श्रद्धा आहे त्यांनाही हे गणित लागेलच. त्यांच्यासाठी मी ते कुठे पातळ केलेलं नाही आणि त्यांच्या श्रद्धेला कुठे टोचलेलं नाही.

त्या मुलीच्या बापाला मी काय सांगितलं ते उरलं. दोन्ही कागद बरोबर आहेत, असं सांगितलं, आणि कुठला कागद कुणाचा ते मागच्या बाजूला पेन्सिलनं लिहून दिलं. मग त्याला विचारलं, तुझा जन्म आई कधीचा सांगते? तो म्हणाला, लावणीतला, पहाटेचा. लावणी म्हणजे जुलै, पहाट म्हणजे सूर्य उगवायच्या थोडा आधी, म्हणजे सूर्य पहिल्या घराच्या उंबरठ्याजवळ, लग्न सूर्याच्याच राशीत किंवा तिच्या लगतच्या. १ जूनच्या दाखल्यातून यातलं काही निघालं नसतं. आईच्या वाक्यातून एवढं निघालं. तो बराच वेळ गप्प बसला आणि मग मुलीचा कागद बाजूला सारून त्याच कोऱ्या बाजूवर स्वतःचं लग्न कसं काढायचं ते विचारू लागला.

पुस्तक वाचायला घ्याल तेव्हा पहिलं प्रकरण घरात बसून वाचू नका. सप्टेंबर अखेरीस पाऊस उघडलेला असेल आणि भात निसवून उभं असेल अशी एखादी रात्र पाहा. ओळंबा, सरळ काठी आणि होकायंत्र घ्या. मध्यरात्र उलटल्यावर माथ्यावर भाद्रपदांचा चौकोन सापडतो, तिथून पूर्वेच्या डोंगरापर्यंत हात फिरवा. दहावं, अकरावं आणि बारावं ही तीन घरं तेवढ्या पट्ट्यात आहेत. पहिल्या पृष्ठावरची आकृती झरीच्या अक्षांशाची आहे. त्या जागी आपल्या गावाचा आकडा घाला.